दोन रेघांची खोली

"खिडकी म्हणे अर्धीच उघडी. शिंका मात्र पुऱ्या येतात."

वन्संनी हे पांघरुणाला सांगितलं. घडी घालता घालता, अगदी हलक्या आवाजात. पण दोन पलंगांमधलं अंतर जेमतेम दीड हात, त्यामुळे ते वहिनींच्या उशीपर्यंत व्यवस्थित पोचलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. झोपेचं सोंग घेण्यात त्या चार वर्षांत इतक्या तरबेज झाल्या होत्या, की कधी कधी त्या सोंगातच खरी झोप लागून जाई आणि तीच काय ती चांगली लागे. खिडकी बंद केली की त्यांचा जीव घुसमटायचा. उघडली की वन्संना शिंका. म्हणून ती अर्धी उघडी ठेवत, म्हणजे एक घुसमटे आणि एक शिंके. त्या घरात याला समजूतदारपणा म्हणत.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. भाऊ गेला त्याच आठवड्यात त्या एक बॅग आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन आल्या, दुसरा पलंग वहिनींच्या खोलीत ओढून घेतला आणि म्हणाल्या, "आता रात्री एकटं राहायचं नाही." कोणी राहायचं नाही, हे त्या बोलल्या नाहीत. वहिनींनी मनाशी म्हटलं, भावाच्या दुःखानं बिचारीला एकटं राहवत नाही, पण सांगणार कशी? राहू दे माझ्याजवळ.

नातेवाइकांना या खोलीचं फार अप्रूप. नणंद-भावजय, एका खोलीत, चार वर्षं, आणि भांड्याला भांडं लागलेलं नाही! कोणी पाहुणा आला की खोलीच्या दारात उभा राहून दोन पलंग बघून जाई, जणू तिथं काही दुर्मिळ जनावर बांधलेलं आहे.

जनावरं खरं म्हणजे घरामागे होती. कुत्र्यांचं हॉस्टेल. मालक परगावी जाताना आपली कुत्री इथं ठेवून जात. बारा खोल्या, सहा-सहाच्या दोन ओळी, मधून गल्ली. प्रत्येक खोलीचं दार खाली पत्र्याचं, वर जाळीचं. फरशीला मागे नाल्याकडे उतार, कोपऱ्यात पाण्याचं भांडं, गादीवर जुनं ब्लँकेट. गल्लीच्या टोकाला अंगण, आणि अंगणाच्या कडेला ऑफिस म्हणायची एक खोली. तिच्यावर आणखी एक खोली होती. तिथं एक शिंपी भाड्यानं राहायचा. तो महिन्यापूर्वी लेकाकडे राहायला गेला आणि वरची खोली रिकामी झाली.

तेव्हापासून वहिनींच्या डोक्यात ती खोली होती.

दोन बाजूंना खिडक्या. एकही खिडकी कुत्र्यांकडे नाही. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, दिवा कुठं, चपला कुठं काढायच्या, सगळं वहिनींनी मनात मांडून झालं होतं. वर नेऊन टाकलेली जादा ब्लँकेटं मोजायच्या निमित्तानं एका दुपारी त्या वर गेल्या आणि ब्लँकेटांच्या थप्पीवर आडव्या झाल्या. दोन्ही खिडक्या सताड उघड्या. अर्धा तास झोपल्या आणि उठल्या तेव्हा आपण कोण हे आठवायला त्यांना जरा वेळ लागला, इतकी ती झोप. पण हे वन्संना सांगायचं कसं? स्वतःचं घर बंद करून आलेली बाई. तिला कसं म्हणायचं, की आता मी वर जाते, तुम्ही राहा खाली? तिला वाटेल, गरज होती तोवर ठेवून घेतलं आणि आता टाकलं. हा विचार आला की वहिनी जिन्यावरून निम्म्यात परत फिरत.

एवढ्यात एकदा त्यांना वरची ब्लँकेटं नव्यानं घडी घातलेली दिसली. कोपऱ्याला कोपरा, पार्सलसारखी चौकोनी. वन्संची घडी. आणि खिडकीत कापड मोजायची टेप. वहिनींना वाटलं, वन्संना वरचा पसाराही बघवत नाही, रॅक बसवायच्या विचारात असतील.

त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी वन्संनी विचारलं, "वरच्या खोलीचं काय करायचं म्हणताय?"

"बघू. मांजरं ठेवता येतील."

"हो. मांजरं ठेवता येतील."

"नाहीतर कुत्र्यांच्या दाण्यांची पोती."

"हो, पोतीही राहतील."

दोघींनी आपापल्या कपात पाहिलं. पोती राहतील यावर एकमत झालं आणि विषय होता तिथंच राहिला.

दहाच्या सुमाराला मास्तर आले. दोन हातांत दोन पट्टे, आणि पट्ट्यांच्या टोकांना गोळा आणि सुतळी. गोळा पिवळा, रुंद, मानेच्या जागी थेट खांदे. सुतळी नावाप्रमाणेच: करडी, लांबुडकी, शेपूट दोन पायांत. मास्तर बारा दिवस लेकीकडे निघाले होते.

"दोघांना एकाच खोलीत ठेवायचं," मास्तर म्हणाले. "एका वेतातले आहेत. भाऊ-बहीण. सात वर्षांत एक रात्र वेगळे राहिलेले नाहीत. एक दिसेनासं झालं तर दुसरं प्राण सोडेल."

"ते आम्ही दुपारी ठरवतो," वहिनी म्हणाल्या.

"त्यात ठरवायचंय काय? मी लिहून देतो हवं तर."

"तुम्ही पोरांचे मास्तर. इथल्या परीक्षा मी घेते."

मास्तरांना हे जरा लागलं, पण पट्टे दिले. जाताना चारदा मागे वळून बघितलं. चौथ्यांदा बघितलं तेव्हा गोळा जाळीपाशी एका खांबाचा वास घेण्यात गर्क होता.

वहिनींची परीक्षा आजूबाजूला प्रसिद्ध होती. तीन पेपर. पहिला, दोन वाडगी चार हातांच्या अंतरावर ठेवायची. दुसरा, दोघांत एकच मोठं ब्लँकेट. तिसरा, एखादं परकं कुत्रं समोरून न्यायचं, म्हणजे घाबरल्यावर किंवा चिडल्यावर ही एकमेकांवर जातात का ते कळतं. तिन्ही सुटले की दारावर खडूनं दोन रेघा, म्हणजे एकत्र. नाहीतर एक. चौदा वर्षांत दोन रेघांच्या खोलीत कधी कोणाचा कान फाटला नव्हता. वहिनींना दुसरा कसलाही गर्व नव्हता, पण हा होता.

गोळ्यानं वाडगं चार घासांत संपवलं आणि दाराकडे तोंड करून बसला. सुतळी तोवर आपल्या वाडग्यापाशी उभी, हलायचं नाव नाही. तो बसल्यावर तिनं तोंड घातलं.

"बघा," वन्सं कौतुकानं म्हणाल्या, "नवऱ्याच्या आधी जेवत नाही."

"नवरा कसला? भाऊ आहे तिचा."

"मग तर कमालच झाली."

ब्लँकेटवर दोघं पाठीला पाठ लावून बसले. परकं कुत्रं समोरून नेलं तर गोळा उठून सुतळीच्या पुढे उभा राहिला, भुंकला नाही, नुसता उभा. वहिनींनी तीन नंबरच्या दारावर दोन रेघा ओढल्या. भांडण नाही, तर नापास कशाला करायचं?

पहिल्या रात्रीनंतर सुतळीचं वाडगं निम्मं राहिलं. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त. ती भिंतीला चिकटून पडायची, इतकी, की ब्लँकेटवर अजून एक कुत्रं मावलं असतं. पुढचा उजवा पाय चाटून चाटून तिनं तिथली करडी लव ओली तांबूस करून टाकली होती. गोळा दारात आडवा. गल्लीत बादली वाजली, मान वर. शेजारचं कुत्रं कण्हलं, मान वर. पान पडलं, मान वर. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचे डोळे लाल झाले.

"मास्तरांची आठवण येत असणार," वन्सं म्हणाल्या आणि त्यांना जांभई आली.

"तसंच असणार," वहिनी म्हणाल्या. जांभई त्यांनाही आली. एकमेकींची जांभई बघून दोघी कामाला लागल्या.

वहिनींना मात्र चैन पडेना. दुपारी त्या तीन नंबरसमोर डबा उलटा टाकून बसल्या. आत सगळं अगदी शहाण्यासारखं चाललं होतं. कोणी कोणाला दात दाखवत नव्हतं. पेपर पुन्हा तपासला तरी मार्क तेवढेच येत होते. पण मास्तर परतले आणि सुतळीच्या बरगड्या दिसल्या, तर त्यांना काय सांगायचं? परीक्षेत पास झाली होती म्हणून?

चौथ्या दिवशी तीन नंबरचा नाला तुंबला. फरशीवर पाणी. सुतळी गादीवर चढून बसली, गोळा पाण्यात उभा राहिला. वन्संनी गोळ्याला शेजारच्या रिकाम्या चार नंबरमध्ये घातलं, वहिनींनी काठी घालून नाला मोकळा केला, फरशी पुसली. इतक्यात फाटकावर एक गाडी आली. वहिनी तिकडे गेल्या, वन्सं दाण्यांचं पोतं उतरवून घ्यायला गेल्या. गोळ्याला वन्सं परत घालतील, असं वहिनींनी धरलं. वहिनी घालतील, असं वन्संनी. इतर कुठं असतं तर एकीनं दुसरीला ओरडून विचारलं असतं, "घातलात का हो त्याला?" पण इथं तसं विचारायची पद्धत नव्हती. विचारलं तर समोरचीला वाटायचं, आपल्या कामावर विश्वास नाही. चार वर्षांत दोघी एकमेकींना इतक्या जपत आल्या होत्या, की साधा प्रश्नसुद्धा जपूनच ठेवलेला असे.

अडीच तासांनी वहिनींना आठवलं. त्या हातातलं टाकून गल्लीत धावल्या. पलीकडून वन्सं येतच होत्या, खांद्यावर पंचा, धापा टाकत. एक दिसेनासं झालं तर दुसरं प्राण सोडेल. दोघींच्या कानांत तेच.

गल्लीत आवाज नव्हता. तेच जास्त वाईट वाटलं.

वहिनींनी तीन नंबरमध्ये डोकावलं. सुतळी ब्लँकेटच्या बरोब्बर मधोमध पाठीवर पडली होती. चारी पाय चार दिशांना, पोट उघडं, ओठ बाजूला लोंबून दात दिसताहेत. वाडगं चाटूनपुसून लख्ख.

"गेली की काय?" वन्संनी कुजबुजत विचारलं.

"झोपलीये."

"अशी?"

"अशीच."

चार नंबरमध्ये गोळा. दारात नव्हता. पार मागच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, पाण्याच्या भांड्यावर हनुवटी टेकून घोरत होता. वन्सं धावत येताना त्यांची चप्पल पायातून निसटून पत्र्यावर आपटली होती. त्याची मान वर झालेली नव्हती.

दोघी गल्लीत उभ्या राहिल्या.  मग वन्संनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस हा दारात काय करत होता?"

"राखण."

"कोणाची?"

"तिची. दुसरं कोण आहे तिथं?"

"तिनं सांगितली होती का?"

वहिनी जाळीतून तीन नंबरमध्ये बघत राहिल्या. त्यांना एकदम पाय चाटणारी सुतळी आठवली. तो जेवेपर्यंत थांबणारी, त्याला जागा व्हावी म्हणून भिंतीत शिरायला बघणारी. एक जण राखतोय म्हणून झोपत नाही, आणि दुसरीला कोणीतरी राखतंय म्हणून झोप येत नाही. भांडण मात्र नाही. तीन पेपरांत हा प्रश्न कुठंच नव्हता.

तरी वहिनी एका दिवसावर विसंबणाऱ्या नव्हत्या. संध्याकाळी त्यांनी गोळ्याला परत तीन नंबरमध्ये घातलं. शेपट्या हलल्या, नाकाला नाक लागलं, सुतळीनं त्याचा कानही चाटला. मग गोळा दारात जाऊन आडवा झाला आणि सुतळी भिंतीशी गेली.

"झाले हजर कामावर," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांना अंगणात सोडलं. एका काठीला दोन टोकांनी लोंबकळत त्यांनी अर्धं अंगण उकरून ठेवलं. दमल्यावर वहिनींनी दोन्ही खोल्यांची दारं उघडी टाकली आणि आपण लांब जाऊन उभ्या राहिल्या. सुतळी तीनमध्ये गेली. गोळा तिच्यामागून दारापर्यंत गेला, आत बघितलं, क्षणभर थांबला. मग वळला आणि चारमध्ये जाऊन धप्पकन पडला.

वहिनींनी ऑफिसमधून मास्तरांना फोन लावला. टेबलाच्या पलीकडे वन्सं नव्या पट्ट्यांना चिठ्ठ्या बांधत बसल्या होत्या.

"वेगळे?" मास्तरांचा आवाज चढला तो वन्संनाही ऐकू गेला. "अहो बाई, जीव आहे त्यांचा एकमेकांवर!"

"आहे ना. नाही कोण म्हणतंय? दिवसा बघा येऊन, एकमेकांना सोडत नाहीत. फक्त रात्री..." वहिनी अडखळल्या. वन्संचा हात दोऱ्यावर थांबला होता. "फक्त झोप त्यांना आपापली हवीये."

"तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं त्यांना. म्हणजे दारं उघडी ठेवली. गेले आपापल्या खोलीत."

 मग मास्तर जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "घरी कधी दार उघडं ठेवून बघितलंच नाही हो आम्ही. एकच टोपली आणली होती, पिल्लं असताना. मग तशीच मोठी मोठी आणत गेलो."

"होतं असं."

"ठेवा मग. तुम्ही म्हणताय तर ठेवा. पण एवढं बघा, की तिला असं वाटायला नको, यानं आपल्याला टाकलं."

 वहिनी नुसत्याच "हो" म्हणाल्या आणि फोन ठेवून उगाच त्याची वायर सरळ करत बसल्या.

"काय म्हणाले?" सगळं ऐकूनही वन्संनी विचारलं.

"तिला वाईट वाटायला नको म्हणाले."

"कोणाला?"

"सुतळीला."

"तिला कशाला वाईट वाटेल?" वन्संनी चिठ्ठीची गाठ दातानं आवळली. "पोटभर जेवून पाय वर करून झोपलीये ती."

दुपारी वहिनी ओलं फडकं घेऊन तीन नंबरपाशी गेल्या. खडूच्या दुसऱ्या रेघेवरून फडकं फिरवलं. पाच दिवसांची रेघ, पण पत्र्यानं धरून ठेवली होती. दोनदा घासावी लागली. दिलेल्या दोन रेघा पुसायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. वाटलं होतं तितकं वाईट मात्र वाटेना. वन्संनी खडू घेतला आणि चार नंबरवर एक रेघ ओढली. ओढून झाल्यावर खडू परत ठेवला नाही, बोटांत फिरवत उभ्या राहिल्या. बोटं पांढरी झाली.

"वहिनी."

"हं."

"वर मांजरं नकोत."

"नकोत तर नकोत. मी आपलं म्हटलं. पोती ठेवू."

"पोतीही नकोत."

वहिनींनी फडकं पिळलं. त्यातून आता काही निघत नव्हतं, तरी पिळलं. आत सुतळीनं कूस बदलली आणि सगळं ब्लँकेट आपल्याकडे ओढून घेतलं.

"मी मापं घेतलीत वरची," वन्सं म्हणाल्या. त्या वहिनींकडे बघत नव्हत्या, चार नंबरच्या रेघेकडे बघत होत्या. "पलंग जिन्यातून जातो. तिरका धरावा लागतो, पण जातो."

"कोणाचा पलंग?"

वन्संनी खडू दुसऱ्या हातात घेतला. पार्सलच्या खिडकीवर माणसांची तोंडं बघून आत काय बांधलंय ते ओळखणारी बाई, पण स्वतःची गाठ सोडवायची म्हणजे पंचाईत. एकदा घसा खाकरला, एकदा उगाच शिंकल्यासारखं केलं.

"तुम्हाला रात्री एकटीला भीती वाटते ना?" त्यांनी विचारलं.

"मला?" वहिनी म्हणाल्या. "मला कशाला वाटेल? मला वाटलं, तुम्हाला वाटते."

"मला? अहो, मी बावीस वर्षं एकटी राहिले!"

गोळा चार नंबरमध्ये घोरत होता. मधेच थांबला, जिभेनं नाक पुसलं आणि पुन्हा सुरू झाला. दोघी तो आवाज ऐकत उभ्या राहिल्या. हसावं की कसं, हे दोघींनाही ठरवता येईना. चार वर्षांची राखण, आणि कोणी सांगितली होती, तर कोणीच नाही. वहिनींच्या डोळ्यांसमोरून वरच्या दोन खिडक्या गेल्या, मनात मांडलेला दिवा गेला, भिंतीला लावलेला पलंग गेला. आता बोलले नाही तर हा दिवसही पोत्यांखाली जाईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तोंड उघडलंही.

पण वन्संनी खडू कट्ट्यावर ठेवला, दोन्ही हात पदराला पुसले आणि पहिल्यांदाच वळून सरळ वहिनींच्या तोंडाकडे बघितलं.

"वरची खोली मला द्या, वहिनी," त्या म्हणाल्या. "मला एकटीला झोपायचंय. खिडकी लावून."